पाच ऑगस्टचे सहा आकडे

१ ऑगस्ट, शुक्रवार
बौशरला मेश्रामांकडे शुक्रवारची बुद्धवंदना. खीर झाली, मग नेहमीसारखं त्यांचं डायनिंग टेबल पुसून माझं दुकान मांडलं. लॅपटॉप, झेरॉक्सची थप्पी, चष्मा. दोन ड्रायव्हर, एक वेल्डर, शेवटी सुनंदाबाई. अल् खुवैरला एका घरी मुलं सांभाळते. इथल्या पगारातून यवतमाळजवळ प्लॉट घेतला होता, तो फेब्रुवारीत मुलीच्या, प्रणालीच्या नर्सिंगसाठी विकला, घेतला त्याच किमतीला, नफा नाही. बाई परदेशी राहते म्हणून घेणाऱ्याने भरमसाट टॅक्स कापून सरकारात भरला. तो परत आला की प्रणालीची उरलेली फी. कॉलेज पंधरा ऑक्टो.पर्यंत थांबायला तयार आहे. म्हटलं, तोवर आरामात येईल.
रिटर्न भरलं. ओटीपी राहिला. सु.बाईचं भारतातलं सिम प्रणालीकडे असतं, ती फोन उचलेना. मंगळवारी करू. महिनाभरात व्हेरिफाय केलं नाही तर भरलेलं न भरल्यासारखंच.

५ ऑगस्ट
ऑफिसातून आल्यावर प्रणालीशी बोलले. म्हटलं, सहा आकडे येतील, लगेच मला व्हॉट्सअ‍ॅप कर. बटण दाबलं. तेवढ्यात नागपूरहून वहिनीचा फोन. दादा दुकानात बसल्याबसल्या

२४ ऑगस्ट
काल परतलो. विधी नीट झाले म्हणे. मी तिथेच होते, पण कोण आलं, कोण गेलं, विचारू नये. एकदाही रडले नाही. वहिनी म्हणाली, "तू रडून घे गं." रडू यायला तर हवं.
आज ऑफिस. अर्बाबने, आमच्या अरबी मालकाने, खुर्चीतून उठून हात मिळवला. महिनाअखेरचं काम काढलं. जेवले का आठवत नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार
वंदनेला गेले नाही. मिलिंद एकटाच गेला, बायकोशिवाय. आर्यन दारात येऊन म्हणाला, "मम्मा, तू... आय मीन, तुला काही पाहिजे?" पोराने मराठीत विचारलं, म्हणजे प्रकरण गंभीर दिसतंय. म्हटलं चहा कर. त्याने केला. गार झाला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
गेले. मेश्राम वहिनींनी टेबल आधीच पुसून ठेवलं होतं.
सु.बाईने विचारलं, "ताई, माह्या पैशाचं काही आलं का?" म्हटलं बघते. तीच म्हणाली, "सरकारचं काम हाय, लागते टाईम." जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला काही जाणवलं नाही. खोटं कशाला लिहू.

२१ सप्टेंबर
लंचमध्ये सु.बाईचं टॅक्सचं खातं उघडलं. व्हेरिफिकेशन बाकी. पाच ऑगस्टपासून तसंच. महिना कधीच उलटला, भरायची मुदतही संपली. आता व्हेरिफाय करीन तेव्हाची तारीख धरणार, वर उशिराचा दंड. दंड मी भरीन. पण पंधरा ऑक्टो.च्या आत पैसे येणं कठीण.
वीस वर्षं हेच करते आहे मी. दुसऱ्यांच्या मुदती डोक्यात ठेवते.
सॅलड खाल्लं. हात धुतले.

२२ सप्टेंबर
प्रणालीला फोन. पुन्हा ओटीपी. पटकन वाचून दाखवला. झालं. दोन मिनिटांचं काम.
मग म्हणाली, "ताई, त्या दिवशी पण पाठवला होता मी."
व्हॉट्सअ‍ॅप मागे मागे नेलं. भावपूर्ण श्रद्धांजली, फुलं, हात जोडलेले, दीडेकशे न उघडलेले. त्यांच्या तळाशी, पाच ऑगस्ट, ६.४२. सहा आकडे. खाली: "ताई मिळाला का?" दुसऱ्या दिवशी: "ताई बरोबर आहे का नंबर? आई विचारते."

३ ऑक्टोबर, शुक्रवार
काल विजयादशमी होती, कार्यक्रम आज ठेवला. मागचा शुक्रवार मी डोकं दुखतं म्हणून टाळला होता. आज सु.बाईला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. मुलीने वेळेवर पाठवला होता, मी बघितलाच नाही.
ती भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, "मी पोरीले लय बोलली हो. म्हटलं, तूच चुकीचा नंबर दिला असशील, तुले कशाचंच ध्यान नसते. महिना झाला, ती माह्याशी धड बोलत नाही."
मी म्हटलं, फी मी भरते, रिफंड आला की द्या.
"उसने नको, ताई."
"मग परत देऊ नका. चूक माझी आहे."
"तुमचा भाऊ गेला त्या रोजी. तुमाले काय बोलू मी?" तिने फडकं दोन्ही हातांनी पिळलं. "बोलता आलं असतं तं बरं झालं असतं."
गाडीत बसल्यावर रडले. दादासाठी की कशासाठी, माहीत नाही. मिलिंदने एसी तेवढा कमी केला.

१४ ऑक्टोबर
सकाळी पोर्टल बघितलं. प्रक्रिया चालू आहे. काल तेच, परवा तेच.
सु.बाई माझा फोन उचलत नाही. शेवटी प्रणालीला लिहिलं, कॉलेजचा खाते नंबर पाठव. मिनिटभरात आला. पाठोपाठ दुसरा मेसेज. आल्याबरोबर उघडला.
"ताई भरू नका. आधी आईला विचारते. थांबा."
चार वाजले होते. आता साडेपाच. फोन टेबलावर उताणा ठेवलाय, आवाज मोठा करून.