मोरचुदाची खळ

अण्णा, आपल्या ग्रंथालयात सध्या जपानहून एक बाई आल्या आहेत. तीन देशांतल्या ग्रंथालयांनी मिळून जुनी वर्तमानपत्रं वाचवायचं काम घेतलंय, आणि निजामाच्या काळात इथून निघणारं ते मराठी साप्ताहिकही त्यात आहे. त्याचे अंक आता फक्त आपल्याकडे उरलेत. पानं दुरुस्त करायची, त्यांचे फोटो काढायचे आणि ते इथे, जपानात आणि जर्मनीत ठेवायचे, म्हणजे इथे आग लागली किंवा मुसी नदीचं पाणी शिरलं तरी मजकूर कुठेतरी राहील. तुमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी कार्यवाहपद माझ्याकडे आलं, त्यामुळे कपाटांच्या किल्ल्याही माझ्याकडेच असतात.

पहिल्याच दिवशी त्या बाईंनी मागच्या खोलीत शेगडीवर गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवली. वास आला आणि मी दारातच थांबले. कोठी मोहल्ल्यातलं आपलं स्वयंपाकघर, रविवार, तुम्ही बनियनवर पातेलं ढवळताय. अफझलगंजहून आणलेल्या मोरचुदाचे निळे खडे मी खलात कुटते आहे. आई म्हणते, "कुणी पिठलं समजून खाल्लं म्हणजे?" आणि तुम्ही म्हणता, "नक्को घाबरू गे, झुरळंसुद्धा तोंड लावत नाहीत!" ते पातेलं तिने शेवटपर्यंत मोरीतच ठेवलं. कचेरीतून आल्यावर, सुट्टीच्या दिवशी, तुम्ही वर्षावर्षाचे अंक शिवलेत, त्या खळीने चिकटवलेत. एकदा ओल्या बोटाने पान उलटलं म्हणून माझ्या हातावर फटका बसला होता. "माझ्या खंडांना कसर लागायची नाही," असं तुम्ही येईल त्याला सांगायचात.

लागली नाही. बाईंनी पहिला खंड भिंगाखाली पाहिला आणि कौतुकाने मान हलवली. मग पान उलटलं, तर ते शिवणीपाशी तुटून हातात आलं. आवाजही झाला नाही. जिथवर तुमची खळ पोचली होती, तिथवर कागद तपकिरी, कडेला किंचित हिरवा. मोरचुदातल्या तांब्याने किडे दूर ठेवले, त्या म्हणाल्या, आणि त्यानेच कागद हळूहळू जाळला. सगळे खंड उसवावे लागतील, जुनी खळ खरवडावी लागेल. नाहीतर मजकूर जाईल.

"हे कुणी बांधलं?" त्यांनी विचारलं. आम्हा दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं.

"माझ्या वडिलांनी."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "माझ्या गुरूंचं काम मी उसवलंय. माझंही कुणी उसवेल. म्हणून मी पाण्याने सुटेल असंच चिकटवते." मग हात पुढे न करता विचारलं, "उघडू?"

मी उघडा म्हणाले.

तेव्हापासून रोज त्या तुम्हाला खरवडताहेत. त्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही, पण तुटलेल्या ओळीची दोन टोकं अशी जुळवतात की मला वाचता येते. पांढऱ्या कागदावर खळीची पूड पडते, संध्याकाळी ती कचऱ्यात जाते. त्या वेळी तुम्ही दाराशी, हात मागे बांधून, उभे असता. आत येत नाही, जातही नाही. मी मान वर करत नाही.

एक खंड मी दिलेला नाही, अण्णा. तुम्ही बांधलेला शेवटचा. त्याच्या पुठ्ठ्याच्या आत खळीचा जाड थर वाळून राहिलाय आणि त्यात तुमचा अंगठा पूर्ण उमटलाय, मधल्या चिरेसकट. खंड उसवला की तो जाईल. म्हणून मी तो हिमायतनगरला घरी आणला. साड्यांखाली आहे. काल बाईंनी विचारलं, एक वर्ष मध्येच कसं नाही? मी म्हटलं, "ते आमच्याकडे कधी नव्हतंच." त्यांनी विश्वास ठेवला. आता तिन्ही देशांत त्या वर्षाची जागा रिकामी राहील, आणि माझ्या कपाटात ते वर्ष तुमच्याच खळीने जळत राहील.

तुम्ही असता तर आधी तोच खंड काढून दिला असता, हे मला कळतं. बाई पुढच्या आठवड्यात जातील. अजून वेळ आहे, पण सकाळी निघताना मी त्या कपाटाकडे बघतसुद्धा नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तरी तुम्हालाच लिहिते आहे. हे ऐकून माझ्यावर ओरडेल असं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.