वेशीबाहेरची मार्था

भिंगार,
२२ नोव्हेंबर १९९९

ती. जयाताईस,
चेतनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपवून तू पारनेरला घरी परत गेलीस आणि इथं आपला कॉम्प्युटरवरचा खेळ पार अडकून बसला. प्लेगचं गाव, आपण वेशीवरचे पहारेकरी, आणि बाहेर ती मार्था म्हातारी, हातात घागर, आत घ्या म्हणून उभी. दार उघडलं तर रोग आत येणार, नाही उघडलं तर ती मरणार. कॉम्प्युटर क्लासमधला आदिनाथ म्हणतो, मुळीच उघडू नको, हाताला रक्त न लागलेला हिरो कॅलेंडरावरच शोभतो. पण कसलं जग बनवलंय गं! रोज पावाचा भाव चढतो, एकेका घरातला दिवा विझत जातो. मला तर जेवण गोड लागेना.

दोघांचं एकमत झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा आपला नियम मी पाळतोय. रोज क्लास सुटला की वेशीपाशी नुसत्या येरझाऱ्या घालतो. तुझं मत लवकर कळव. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडतील म्हणे, त्याआधी सर सगळी मशीनं पुसून काढणार आहेत.

घरी सगळे बरे. आजीनं मात्र पिशवी भरून दाराशी ठेवलीय. लई झालं भिंगार, आता धाकट्याकडं पारनेरला सोडा, एवढा एकच धोशा. पप्पा म्हणतात, काकांचं बोलावणं येऊ दे. आपण होऊन पाठवली तर आम्हाला आई जड झाली असं दिसेल.

लोभ आहेच, उत्तराला तेवढा उशीर नको.
तुझा,
चेतन


पारनेर,
१ डिसेंबर १९९९

चि. चेतन यास,
अनेक आशीर्वाद.

डी.एड.च्या पाठांच्या गडबडीत उशीर झाला, फुगून बसू नकोस. माझं मत एका शब्दात सांगते: उघड!

त्या आदिनाथला सांग, माणसं मारली म्हणून गोष्ट खोल होत नाही. खेळ करणाऱ्यानं तटाच्या दगडावरचं शेवाळसुद्धा रंगवलंय, आणि मार्थाच्या तोंडी वाक्यं दिलीत तीन. ती कोण, कुठली, तिचं मागं कोण आहे, काही पत्ता नाही. नुसतं मरण्यासाठी उभं केलेलं माणूस मला पात्रच वाटत नाही. गाव आजारी पडेल, मान्य. पडू दे, मग आपण बघू काय करायचं ते. आपली आजी लहानपणी विहिरीशी हंडा घेऊन उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून. ती काय म्हणते आठवतं ना? न्हाई म्हणणाऱ्याचा एवढा राग नाही आला, बघू म्हणणाऱ्याचा लई आला.

तिच्या येण्याचं मी आमच्या आबांपाशी काढलं. ते म्हणाले, आईला पाठव असं दादाला लिहू कसं? तो सांभाळत नाही असंच वाटेल त्याला. त्याचं पत्र आलं की लगेच जाऊ. असले समंजस भाऊ दिवा घेऊन शोधले तरी मिळायचे नाहीत बाबा! आजीची खोली मी झाडून ठेवलीय.

अभ्यासही कर थोडा. माया असू दे.
तुझी ताई,
जया


भिंगार,
४ डिसेंबर १९९९

ती. जयाताईस,
जयभीम.

आज तुझं पत्र आलं तसा पळतच क्लासला गेलो. शेवाळाचं आदिनाथला वाचून दाखवलं. मग वेस उघडली. बाहेर कुणी नव्हतं, ताई. मार्थाची घागर तेवढी आडवी पडली होती.

मला वाटलं मशीन बिघडलं. आदिनाथच्याच लक्षात आलं. म्हणाला, अरे, पावाचा भाव रोज चढतोय म्हणजे आत दिवस जातायत की. म्हातारी काय तुमच्या टपालासाठी थांबणार? मी उघडलंही नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नियम पाळत येरझाऱ्या घालत राहिलो आणि ती तिथं मेली. मला रडूच आलं. मागच्या टप्प्यापासून पुन्हा खेळू म्हणून आदिनाथनं समजूत काढली, पण माझं मन लागेना. तसाच घरी आलो.

आजी उंबऱ्यात बसली होती, पिशवीवर हात ठेवून. पारनेरचं पत्र आलं का, एवढंच तिनं विचारलं. पप्पांना जाऊन सांगितलं की उद्या सकाळच्या एसटीनं मी आजीला नेतोय. ते म्हणाले, अरे, निदान काकांना कळव तरी. म्हणून हे लिहायला बसलो.

पण हे टपालात टाकणार नाही, आजीच्याच हाती देतोय. दार वाजवून तीच तुला देईल. या वेळी तुझं मत विचारलेलं नाही. वाचत उभी राहू नकोस, आधी तिला आत घे. मी मागं पायरीवर आहे, मला नंतर ओरड.

तुझा,
चेतन