उतारावरचा तडा

बाबांना बेगिमायचा सलाम.

मी धडधाकट आहे, जेवणाखाण्याचे हाल नाहीत, आईला सांगा. भूरूपशास्त्राची आमची तुकडी दहा दिवसांपूर्वी डोंगर मोजायला या गावात आली आहे.

इथल्या उल्कान आजींच्या घरामागच्या उतारावर मला एक तडा सापडला. सोमवारी त्यात माझा पंजा जात होता, बुधवारी खांद्यापर्यंत हात गेला. सरांनी लोकांना गाव सोडायला सांगितलं. बरेच जण गेले. आजी मात्र हसल्या. "पोरी, सत्तर वर्षं हा डोंगर माझ्या पाठीशी आहे. तू परवा आलीस आणि मला भीती घालतेस?" त्यांनी माझ्या खिशात सुक्या दह्याचे गोळे कोंबले. मोठ्या माणसाशी किती वाद घालायचा, म्हणून मी तिथून निघून आले.

शुक्रवारी सकाळी उतार खाली आला. घराच्या जागी नुसती ओली माती आहे. आजी अजून सापडलेल्या नाहीत.

बाबा, गोठ्याचं दार अडकतं म्हणून तासून घेतलं, वरचा झरा गढूळ झालाय, असं तुम्ही लिहिलं होतंत. दार फुगलेलं नाही, बाबा. खालची जमीन सरकतेय. आईला आणि जनावरांना घेऊन आजच ओश शहरात मामाकडे जा.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र तिकडे येणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय. तुम्ही म्हणाल, पोरगी चार बुकं शिकून बापाला हुकूम सोडायला लागली. खुशाल रागवा, पण मामाकडे पोचल्यावर.

तुमची,
बेगिमाय