तुरुंगवासाचा रकाना

मुकुंदवाडी, औरंगाबाद
गुरुवार, ३० ऑगस्ट १९७९

तीर्थस्वरूप नानासाहेब मामा यांच्या चरणी भाचा सांडू याचा नमस्कार. मामींनाही नमस्कार. इकडे आई खुशाल आहे. माझी खुशाली पत्र संपेपर्यंत तुम्हीच ठरवा. तुमचा गुडघा कसा आहे, तांबडी गाय व्याली का, आणि वरच्या वावरातल्या मक्यावर यंदा पुन्हा पोपट बसतात का, ते कळवा. तुमचा चष्मा काडी बसवायला सिटी चौकातल्या दुकानात टाकून आज बारा दिवस झाले. दुकानदार रोज "कल" म्हणतो आणि इतक्या अदबीनं म्हणतो की भांडता येत नाही.

तर मामा, मला नोकरी लागल्यासारखी आहे. 'लागली' असंच लिहिणार होतो, पण मधे एक सोमवार आहे.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कँटीन सुपरवायझरची जागा निघाली. अर्जासोबत बायोडाटा मागितला होता, आणि बायोडाट्यात अनुभव. मी कागद घेऊन बसलो. नाव, पत्ता, जन्मतारीख, बी.ए. (दुसऱ्या खेपेला) इथपर्यंत लिहिलं आणि माझ्याजवळचं सगळं सांगून झालं. अनुभव म्हणाल तर आमच्या शेजारच्या फहमिदाबाजी भावाच्या लग्नाला गेल्या तेव्हा त्यांच्या किराणा दुकानात मी तीन दिवस बसलो होतो (त्यातला एक शुक्रवार, दुकान बंद), आणि चुलतभावाच्या लग्नात जिलबी वाढली होती, ती मुलीकडच्यांनी माझ्या हातातून टोपलं काढून घेईपर्यंत. आई म्हणाली, जिलबीचं लिही, कँटीनचंच काम आहे. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि कागद घेऊन कोर्टाच्या भिंतीशी शफीभाई टायपिस्ट बसतात त्यांच्याकडे गेलो.

शफीभाईंनी कागद उलटापालटा केला. मागं काही आहे का तेही पाहिलं. मग म्हणाले, "सांडूमियाँ, ये बायोडाटा है के तार? इत्ते में तो कौन गुजर गया इतनाच लिखते." एखादा नमुना आणा, त्याच्यावरून बसवून देतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आता आपल्या घराण्यात बायोडाटा असलेला माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या अर्जाची नक्कल तुम्ही दोन वर्षांपूर्वी साक्षांकित करायला माझ्याकडे दिली होती. (नंतर तुम्ही तिच्यासाठी घर उलथं केलंत आणि मामींनी ती चुलीत घातली असा आरोप केलात. मामींनी घातली नव्हती. ती माझ्या ट्रंकेत होती, आणि अगदी चांगल्या स्थितीत आहे.) छापील मथळे, खाली ठसठशीत उत्तरं, दोन दाखले जोडलेले. असा भरलेला कागद मी दुसरा पाहिला नव्हता. तो शफीभाईंना दिला आणि सांगितलं की फक्त वळण घ्या.

त्या दिवशी अर्ज द्यायची शेवटची तारीख होती. शफीभाई कार्बन लावता लावता गप्पा मारत होते. मी समजलो की गप्पा आहेत. कधी आत गेला होतात का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हो, हर्सूलला, नऊ दिवस, विद्यार्थ्यांच्या मोर्चात. (मामा, तेव्हा कॉलेजचं शिबिर आहे असं मी घरी कळवलं होतं. शिबिरच होतं, फक्त मधे उठून घरी जाता येत नव्हतं.) तिथं काय केलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की जेलचं जेवण आम्ही नाकारलं, मग जेलरनं शिधा दिला आणि आम्हा दोनशे पोरांचं जेवण आम्हीच केलं. कधी लपून राहिलात का? राहिलो. बी.ए.चा पहिला निकाल लागला तेव्हा चार दिवस, कन्नडला, चतुराआत्याकडे. कुठं लागलं-बिगलं? लागलं. मोर्चातून पळताना उजव्या अंगठ्याला ठेच लागली आणि नख गेलं. शफीभाई हळहळले. मशीन टकटक चालूच होतं. चार वाजत आले होते, मी न वाचता पाकीट बंद केलं आणि चिकलठाण्याला पळालो.

कार्बनची प्रत घरी येऊन जेवताना वाचली. तुरुंगवास: हर्सूल, नऊ दिवस. तुरुंगातील कार्य: दोनशे सत्याग्रहींचा स्वयंपाक (स्वतः). भूमिगत असल्यास कालावधी: चार दिवस. शारीरिक इजा: कायम स्वरूपाची नाही. आणि सगळ्यात खाली, स्वातंत्र्यानंतर जमीन मिळाली काय: नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शफीभाईंसमोर उभा राहिलो. ते शांत होते. कॉलम रिकामा राहिला की साहेबाला शक येतो, भरलेला कागद साहेब पुढं वाचतो, ही त्यांची तीस वर्षांची रीत. मी म्हणालो, मी स्वयंपाक केला नव्हता हो, मी जेवणाऱ्यांची यादी लिहायचो, कारण काही जण दोनदा जेवून जायचे. त्यावर ते म्हणाले, "फिर बोलना था ना. मैं समझा तुम शरमा रहे."

कारखान्याचं बोलावणं आलं तेव्हा आईनं नारळ ठेवला. मी मात्र सत्याग्रहाला निघाल्यासारखी हातात धोतरजोडी घेऊन जावं की काय या विचारात होतो. आत तिघं होते. मधले जहांगीरसाहेब, माणसं भरती करतात ते. बाजूच्या दोघांनी माझा कागद वाचून एकमेकांकडं पाहिलं आणि खोकले. जहांगीरसाहेब मात्र एकाच ओळीवर बोट ठेवून बसले होते. बराक कितवी, म्हणून त्यांनी विचारलं. तिसरी, असं मी सांगितलं.

"मी चौथीत होतो," ते म्हणाले.

मामा, त्या मोर्चात अख्खं कॉलेज होतं, हे मी विसरलो होतो. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "तिसऱ्या दिवशीचं वरण कुणी केलं होतं?"

आता त्या वरणाचं सांगतो. वैजापूरच्या एका पोरानं त्यात मीठ घातलं आणि तो हात धुवायला गेला. मग पैठणच्या एकानं येऊन पुन्हा तेवढंच घातलं. मी पाच पावलांवर यादी घेऊन बसलो होतो. दोघांनाही पाहत होतो आणि काही बोललो नाही, कारण माझ्याकडे यादीचं काम होतं. त्या वरणानंतर दोनशे पोरं रात्रभर हौदावर पाणी पीत होती. म्हणजे आता मी केलं नाही म्हणावं, तर माझ्या कागदावरचा एकुलता एक अनुभव जातो. मी केलं म्हणावं, तर ते मीठ माझं होतं. आईचा नारळ आठवला.

"मीच केलं," मी म्हणालो.

जहांगीरसाहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "लई खारट होतं," ते म्हणाले. "पण दोनशे जणांना एका वेळी मिळालं आणि गरम मिळालं. आमच्या कँटीनला अजून ते जमलेलं नाही." बाजूच्या दोघांना त्यांनी सांगितलं, की मुलाखतीत स्वतःची चूक कबूल करणारा माणूस ते पहिल्यांदाच बघताहेत. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याची चूक अंगावर घेतली आणि तिलाच प्रामाणिकपणाचं सर्टिफिकेट मिळालं.

नोकरी दिली. अट एकच. जुना आचारी सोडून गेला आहे, नवा मंगळवारी येतो. तेव्हा सोमवारी पहिल्या पाळीच्या तीनशे चाळीस माणसांचं वरण मी स्वतः करायचं. जहांगीरसाहेब पंगतीत बसणार आहेत, पहिला घास तेच घेणार आहेत, आणि मग मस्टरवर माझं नाव चढणार आहे.

आईला यातलं नोकरी एवढंच सांगितलं आहे. ती मुकुंदवाडीत घरोघर पेढे देऊन आली. बाकी सर्व ठीक. गुडघ्याला तेल लावत जा. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक
सांडू

ता. क. — कारखान्याला माझ्या वर्तणुकीबद्दल एका प्रतिष्ठित माणसाचं पत्र हवं आहे. तुमचं नाव दिलं आहे. मुलगा सालस आहे एवढं लिहिलं तरी पुरे, दोनदा लिहिण्याची गरज नाही.

ता. क. दुसरा — तुमच्या अर्जाला तुमचे तुरुंगातले सोबती पुंजाराम यांचा दाखला जोडलेला आहे. तो मी वाचणार नव्हतो, शफीभाईंनी मोठ्यानं वाचला. त्यात लिहिलंय, 'नानासाहेबांनी हर्सूल येथे निजामाच्या कैदेत पोलीस अ‍ॅक्शनपर्यंत अकरा महिने चारशे कैद्यांचे वरण स्वहस्ते केले, ते एकदाही खारट झाले नाही.' मामा, तुम्हाला घरात मिठाची बरणी कुठली आणि साखरेची कुठली हे माहीत नाही, अशी मामींची तीस वर्षं समजूत आहे. ती मी मोडणार नाही. पण रविवारी पहिल्या एस.टी.नं तुम्ही मुकुंदवाडीला यावं, ही पायांवर डोकं ठेवून विनंती. मामींना सतरा सप्टेंबरच्या झेंडावंदनाची बैठक आहे असं सांगा. येणं नाहीच जमलं, तर तीनशे चाळीस माणसांना मीठ किती, तेवढं चिठ्ठीवर लिहून बद्रीनाथच्या हाती द्या. हे पत्र तोच आणतो आहे.

ता. क. तिसरा — पाकीट डकवताना लक्षात आलं की तुमचा चष्मा तर सिटी चौकात आहे. म्हणजे हे पत्र मामीच तुम्हाला वाचून दाखवत असणार. मामी, साष्टांग नमस्कार. मामांना रविवारी पाठवाच. पण पाठवण्याआधी शनिवारी घरी एकदा वरण करायला लावा, हात बसलेला आहे की नाही ते कळेल.