तुमच्या पक्कडीखाली वामनकाकांचं नाव

बाबा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. इतक्या दिवसांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले ती भांडायला. रागावू नका. म्हणजे खुशाल रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या रविवारी तुमचं संग्रहालय उघडलं. हो, तुमचंच! रिसालीतल्या त्या बंद पडलेल्या हॉलला रंग दिलाय, दिवे लावलेत, दारावर एकाहत्तरच्या लढाईतल्या जवानांसाठी हिंदीत मोठी पाटी आहे. रुआबांध्याच्या टपरीवर चहा पिताना तुम्ही आणि वामनकाका, पलटणीपासूनचे दोन दोस्त, वर्षानुवर्षं हेच तर बोलायचात. लुना काढून तुम्ही दारोदार फिरलात, लोकांच्या ट्रंका उघडायला लावल्या. "वैनी, तो कोट भंगारवाल्याले देऊ नका, मले द्या." तुम्ही आणलेला प्रत्येक कोट, डबा, बिल्ला आता काचेआड आहे. आई असती तर म्हणाली असती, सुटले बाई, माझी मागची खोली मोकळी झाली.

आत शिरले तर भिंतीवर फोटो. कसे लावले होते सांगू? सैन्यातल्या हुद्द्याने नाही, वयाने नाही. फौजेनंतर कोण पोलाद कारखान्यातून कोणत्या ग्रेडवर रिटायर झाला, त्या हिशेबाने! समितीतली मंडळी सगळी रिटायर्ड. हाताशी कारखान्याची जी यादी होती, त्या यादीच्या क्रमाने त्यांनी खिळे ठोकले. साहेब पुढच्या खोलीत, कामगार मागच्या. तुम्ही कूलरच्या वर आहात, पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण तुम्हाला पाहतो. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, तेच तर! आपल्या भिलाईत माणूस जातो, त्याची ग्रेड जात नाही. मला हसू आलं. तुम्हालाही आलं असतं.

मग पुढच्या खोलीत तुमची पक्कड दिसली.

दांड्याला आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ गुंडाळलेला, म्हणजे तुमचीच. मीच तर नेऊन दिली होती, तुमच्या नावाची चिठ्ठी बांधून. तिच्याखाली छापील कार्ड होतं. गोळे पडत असताना टेलिफोनची तुटलेली तार या जवानाने एकट्याने रांगत जाऊन जोडली. आणि नाव होतं वामनकाकांचं. काका तिथेच उभे होते, गळ्यात हार, लोकांशी हात मिळवत. त्यांनी मला पाहिलं आणि मान फिरवली.

बाबा! तो किस्सा माझा आहे हो! मी नऊ वर्षांची असताना तुम्ही क्वार्टरच्या अंगणात मला कपडे वाळत घालायच्या तारेपाशी उभं केलंत. "डोळे मीट. तार मुठीतून जाऊ दे. जिथं मूठ रिकामी होईन, तिथं तुटली समज." मी डोळे मिटून एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालले. तुम्ही म्हणालात, असाच गेलो मी, फक्त पोटावर. तळहातावरचा तो आडवा व्रण मी कितीदा बोटाने चाचपला असेन!

सोमवारी कामावर गेलेच नाही. सकाळीच काकांच्या घरी गेले. ठरवून गेले होते की चहा घ्यायचा नाही.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही? बाबांचं नाव कावून नाही तिथं?"

काका गुडघे चोळू लागले. मग म्हणाले, "पोरी, पाळी माही होती."

"कसली पाळी?"

"तार जोडाले जायची. पाळी माही होती, पण पाय उठेनात माहे. मी खंदकात पडून होतो, फोन उराशी धरून. तुह्या बापानं पक्कड घेतली, तार तपासाचा टेस्टचा फोन खांद्याले लावला अन् गेला. मंग लई वेळानं माह्या फोनवर आवाज आला, 'वामन, आयकू येते काय बे?' मी लेकरासारखा रडलो."

हे तर तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत.

मी विचारलं, मग तुमचं नाव कसं लागलं? तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्याने मी अजून सावरलेली नाही. काका कारखान्यात साहेब झाले, सोयरेधायरे आले, कुणासमोर तरी त्यांच्या तोंडून निघून गेलं, 'तार मी जोडली.' एकदा निघालं ते निघालंच. एक दिवस तुम्ही त्यांच्या बैठकीत बसला होतात आणि तुमच्या समोरच तो किस्सा रंगला. तुम्ही मान खाली घालून ऐकलात. पाहुणे गेल्यावर तुम्ही काय म्हणालात?

"तुहा बाप म्हणे, 'वामन, तूच सांगत जा आता. मी नाही बोलणार कोणाले. पोरगी बीएस्सी होऊन घरी बसून आहे, तिचं तेवढं पाह्य.' हथखोजले माह्या साळ्याचा कारखाना आहे, तिथं मी शब्द टाकला."

म्हणजे माझी लॅबमधली नोकरी! सव्वीस वर्षं मी छाती फुगवून सांगत आले की मुलाखतीत मला पहिल्या फटक्यात घेतलं. तुम्ही पेढे आणलेत, शेजारी वाटलेत. पेढा माझ्या तोंडात घालताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? मला विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू, कदाचित घेतलीही असती. आईच्या औषधांचे दिवस होते ते. पण विचारायचं तरी!

आणि सगळ्यात जास्त कशाने दुखलं माहीत आहे? माझा सौरभ शाळेत असताना तुमच्या मागे लागला, आजोबा, तो तारेवाला किस्सा सांगा. तुम्ही म्हणालात, "इसरलो रे." दोनदा, तीनदा, दरवेळी तेच. मी घाबरले. मला वाटलं तुमची स्मृती चालली. मी रजा टाकून तुम्हाला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आजचा वार विचारला, तुम्ही बरोबर सांगितलात. लढाईचं विचारलं, तर म्हणालात, काही आठवत नाही साहेब. मी बाहेर येऊन जिन्यात रडले. तुम्ही माझे डोळे पाहिलेत, आणि तरी गप्प! मित्राला दिलेला शब्द पाळायला तुम्ही स्वतःच्या लेकीला वर्षानुवर्षं फसवलंत. काकांनी तुमचं नाव हिरावून घेतलं, पण माझ्या हातून माझे बाबा तुम्हीच काढून घेतलेत.

निघताना काकांनी माझा हात धरला. पंचाहत्तरी उलटलेला माणूस. "कार्ड बदलजो. पण मी मेल्यावर बदल. नातसुना, व्याही, सगळ्याईले घेऊन जाऊन दाखवलं मी. तेवढं थांब माय."

मी उठले. चहा निवून गेला होता.

दोन रात्री विचार केला, बाबा. काकांची दया येते, आणि त्या दयेचाही राग येतो. पण थांबायचं ते किती? एकाच्या मरणापर्यंत तर मी नकळत थांबलेच की! आता दुसऱ्याच्या मरणाची वाट पाहत बसू? ते मला जमणार नाही. शब्द तुम्ही दिलात. मी दिलेला नाही.

म्हणून हे वचन. येत्या रविवारी मी काकांना रिक्षात घालून हॉलवर नेणार. नवं कार्ड मी लिहून ठेवलंय. तार तुम्ही जोडलीत, आणि त्या तारेवरून आलेला पहिला आवाज वामनकाकांनी ऐकला. दोन्ही नावं, जे झालं तेवढंच. खंदकातलं सांगायचं की नाही ते काकांनी ठरवावं. कार्ड मात्र त्यांनीच आपल्या हाताने लावायचं. नाही म्हणाले तर मी लावीन, त्यांच्या डोळ्यांदेखत.

तुम्हाला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. पण या वेळी मीही तुम्हाला विचारलेलं नाही.

तुमचीच, अजून रुसलेली,
सुनंदा