मधली रेघ म्हणजे कोणती

६ जाने., मंगळ.
सकाळी मैत्रिणीचा, प्राजक्ताचा घाटकोपरहून फोन. तिच्या शाळेच्या सराव पेपरांसाठी ती मी लिहिलेलं, लाटेक या पेपर जुळवायच्या प्रणालीतलं आकृत्या काढणारं पॅकेज वापरते. "तुझी मधली रेघ पिऊन आलीये यार. D बिंदू मध्यावर नाहीच." हसले. मग त्रिकोण मोजला.
\madhya ही कमांड मध्यगा, म्हणजे समोरच्या बाजूच्या मध्यावर जाणारी रेघ काढते, असं पुस्तिकेत लिहिलंय. काढते कोनदुभाजक, म्हणजे कोन अर्धा करणारी रेघ. दोन्ही मीच लिहिलंय.
पुस्तिकेतला नमुना त्रिकोण समद्विभुज. त्यात दोन्ही रेघा एकावर एक पडतात. म्हणून वर्षभर कुणालाच...

७ जाने., बुध.
कुठून आलं ते कळलं. चौथीपर्यंत मी घरीच, बाबांकडे शिकले. ते कागदी त्रिकोण दुमडायचे, बाजूवर बाजू. घडी उघडून म्हणायचे, ही मधली रेघ. ती घडी म्हणजे कोनदुभाजक.
जेवताना सांगितलं. बाबा: "मधली ती मधली. पोरांना कळतं." आणि ताट उचलताना: "मग मी चुकीचं शिकवलं म्हण."
तसं नाही, म्हटलं. पण तसंच आहे.

८ जाने., गुरु.
नवी नावं: \madhyaga, \konadubhajak. जुनीचं काय? गुपचूप दुरुस्त केली तर लोकांच्या जुन्या आकृत्या न सांगता बदलणार. शेवटी बंद केली. वापरली की काम थांबतं आणि विचारणा येते: मध्यगा की कोनदुभाजक? नमुना त्रिकोणाच्या तिन्ही बाजू वेगळ्या केल्या.
प्राजक्ता: "झकास. आता दोन घास खा."
घास कसला. चेंबूरच्या मोरे बाईंनाही पॅकेज मीच दिलंय. त्यांच्या दहावीची पूर्वपरीक्षा उद्या. मेसेजमध्ये सगळं कबूल केलं. अजून वाचलेला नाही.

९ जाने., शुक्र.
साडेआठला मोरे बाईंचा फोन. पेपर छापून आलेत. प्रश्न तिसरा, AD मध्यगा, आकृती माझी. "मुलं पट्टी लावतात गं. गोंधळतील." मग हळू आवाजात: "फळ्यावर लिहिते, आकृती प्रमाणात नाही. चुकली असं लिहिलं तर मोठ्या बाई तुझं पॅकेजच बंद करतील."
पण आकृती प्रमाणातच आहे. रेघ दुसरी आहे.
बाबा दारात उभे राहून ऐकत होते. "हो म्हण ना. त्या एवढं म्हणतायत तर."
बाईंना म्हटलं, पाच मिनिटांत कळवते.
सव्वानऊ झाले. पेपर अकराला.