पुढची खोली आणि एक इंग्रजी क्रियापद

गेल्या गुरुवारी संध्याकाळी माझा वर्ग भरलेला असताना माझा भाचा संघर्ष मापाची टेप घेऊन पुढच्या खोलीत आला आणि मुलांच्या डोक्यांवरून ती खिडकीपासून दारापर्यंत ओढू लागला. मी जिवंत होते, शुद्धीवर होते आणि फळ्यापाशी उभी होते. म्हणून हे मृत्युपत्र लिहावे लागत आहे.

मी कुमारी जनका जानराव अवसरमोल, वय चौऱ्याहत्तर, धर्म बौद्ध, निवृत्त शिक्षिका, मूळ गाव सुलतानपूर, तालुका लोणार, हल्ली राहणार मेहकर, जिल्हा बुलडाणा. हे मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नाही आणि कोणाच्या भिडेने तर नाहीच. वाचायला भिंग लागते, विचार करायला काही लागत नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्याचे आहे, हेही सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

गुरुवारचे बोलणे इथे नोंदवून ठेवते, कारण मागाहून ज्याला जसे सोयीचे तसे तो सांगेल.

"हे काय चाललंय?" मी विचारले.

"काही नाही आत्या, मोजून राह्यलो."

"काऊन?"

"शटर किती फुटाचं लागते ते पाहून राह्यलो. आता नाही, मंग."

"मंग म्हणजे मी गेल्यावर."

"तसं कोन म्हनलं? मोजल्यानं खोली झिजते का?"

मुले हसली. मागच्या बाकावरून प्राची म्हणाली, "मॅडम, टेक मेजरमेंट्स." वाक्य बरोबर होते, त्यामुळे तिला रागावता आले नाही. संघर्षला मी टेप गुंडाळायला लावली.

कलम १. वारस. मी लग्न केले नाही. का, हा प्रश्न या कागदाचा नाही. माझा धाकटा भाऊ मोतीराम वारला. त्याची दोन अपत्ये, संघर्ष आणि मयुरी. संघर्षचे इथे मोबाइल दुरुस्तीचे दुकान. मयुरी खामगावला परिचारिका आहे. माझे रक्ताचे एवढेच.

कलम २. घर. मेहकरचे घर मी माझ्या पगारातून बांधले. त्यात कोणाचा वडिलोपार्जित हिस्सा नाही. खोल्या चार. पुढची खोली, जिथे वर्ग भरतो. रस्त्याला लागून बाजूची खोली, जिथे मी झोपते. मधली खोली आणि स्वयंपाकघर. त्यांपैकी मधली खोली व स्वयंपाकघर भांड्याकुंड्यांसह मयुरीचे.

कलम ३. पुढची खोली. ही मी माझी विद्यार्थिनी रेणुका हिला देते. ती आता स्वतः शिक्षिका आहे आणि मी आजारी असले की वर्ग तीच चालवते. बाक, फळा आणि इंग्रजी शब्दकोशाचे दोन खंडही तिचेच. वर्ग चालेल तोवर खोलीचा दुसरा उपयोग करू नये. वर्ग बंद पडलाच तर खोली मयुरीकडे जावी.

आता वर्गाविषयी लिहिणे भाग आहे, नाहीतर म्हातारीने वेडापायी खोली परक्याला दिली असे होईल.

मी पहिल्या सत्रात एकच क्रियापद शिकवते. टेक. मागे एक आई तक्रार घेऊन आली होती. "बाई, दिवाई आली, पोरगं अजून टेकच म्हनून राह्यलं. तुमाले दुसरा शब्द येत नाही का?" येतात. पण माझी रीत अशी आहे की प्रत्येकाने घरात खरोखर बोलले गेलेले एक वाक्य आणायचे, जसेच्या तसे, वऱ्हाडीत. मग ते फळ्यावर लिहायचे आणि इंग्रज तिथे काय म्हणेल ते शोधायचे. औषध घे, हे सोपे. पण आपण फोटो काढतो, तो घेतो. आपल्याला वेळ लागतो, त्याचे काम वेळ घेते. आपले पोरगे बापावर जाते, तिथेही त्याला टेकच लागते. आपल्याकडे परीक्षा मास्तर घेतो आणि पोर देते. त्याच्याकडे पोरच परीक्षा घेते. या एका गोष्टीवर आमच्या भागातली चांगली चांगली मुले मुलाखतीत अडखळतात आणि घरी येऊन नशिबाला दोष देतात. नशिबाचा संबंध नाही. कोणी नीट शिकवलेले नसते, एवढेच.

माझ्या मते एक क्रियापद तळापर्यंत कळले की बाकीची भाषा घाबरवत नाही. मला हे कोणी सांगितले नाही. मी ते खामगावला उभ्याने वाचले.

साल एकाहत्तर असेल. मी बी.ए.ला होते. सुलतानपूरहून मेहकर, मेहकरहून खामगाव, मांडीवर पत्र्याची पेटी. सरकीच्या तेलाचा वास नाकात शिरला की समजायचे, आले खामगाव. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी एकदा वर्गात टेकचा अर्थ विचारला. मी उठून सांगितले, घेणे. ते म्हणाले, "बसा. अजून आहे." आणि पुढे गेले. अजून म्हणजे किती, हे बघायला मी वाचनालयात गेले. मोठा शब्दकोश खिडकीपाशी उंच मेजावर उघडा असायचा, घरी नेता येत नसे. टेकची पाने उलटता उलटता खिडकीतले ऊन सरकून गेले, तरी ते संपेना. माझ्यासोबत खोलीत राहणारी बेबीताई कपाटाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "जनके, आटप वो. मेसमधलं पिठलं संपन, मंग हे पुस्तक खाजो." आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तीही आली. वाचायला नाही, सोबतीला.

तिथे वाचले ते असे. हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. उत्तरेकडचे दर्यावर्दी त्यांच्या देशात शिरले, काही लुटून परतले, काही तिथेच शेती करून राहिले आणि त्यांच्या तोंडचा हा शब्द तिथे रुजला. इंग्रजांचा स्वतःचा घेण्याचा शब्द होता, निमन. तो हळूहळू मागे पडला आणि मेला. त्याची हाडे अजून सापडतात. हात बधिर होतो त्याला इंग्रज नम म्हणतो, तो शब्द त्यातलाच, म्हणजे त्यातली जाणीव कोणीतरी घेऊन गेले. टेकच्या गोतावळ्यातला आणखी जुना शब्द एका मेलेल्या भाषेत, गॉथिकमध्ये, सापडतो. तिथे त्याचा अर्थ होतो हात लावणे. शब्दकोशवाले सावधपणे "बहुधा" म्हणतात. म्हणोत.

मी ती ओळ वाचून शब्दकोश मिटला. तो मिटायची परवानगी नव्हती.

सुट्टीत घरी गेले तेव्हा माझी आई सोजराबाई अंगणात तूर निवडत होती. मी म्हटले, "माय, इंग्रजीत घेणं म्हणजे पयले हात लावणं होतं."

"मंग? हात न लावता कोनी घेते का?"

"आपन मीठ आनाले जायचो तवा दुकानदार वरून पदरात सोडायचा, ते?"

माय सुपातली तूर दोनदा पाखडून मग बोलली. "ते देनं नव्हतं बाई. ते टाकनं होतं." आणि मला म्हणाली, "खाली बस, खडे निवडू लाग."

म्हणून माझ्या वर्गात खडू फेकायचा नाही आणि बाकावर ठेवायचा नाही. देणाऱ्याने हातात द्यायचा आणि घेणाऱ्याने घेतला म्हणून सांगायचे. रेणुकाने बाकी सारे बदलले तरी चालेल. हे बदलू नये.

कलम ४. श्री. भगवंतराव, माझे माजी मुख्याध्यापक. यांनी अनेक वर्षे माझे वेळापत्रक आणि खडूची पेटी टेबलावर ठेवून, माझा हात पोहोचण्याआधी आपला हात मागे घेतला. दहावीचे इंग्रजी मला दिले नाही. म्हणत, "बाई, तुमचे उच्चार गावाकडचे आहेत." ते निवृत्त झाल्यावर मी दहावीला शिकवले आणि निकाल सर्वांनी पाहिला. आता त्यांचा नातू प्रज्वल माझ्या वर्गात येतो. त्याला सोडायला ते स्वतः येतात आणि फाटकाबाहेर उभे राहतात. मी कधी आत बोलावले नाही आणि त्याचा मला पस्तावा नाही. माझ्या पश्चात रेणुकाने खडूची एक नवी पेटी त्यांच्या हातात द्यावी. त्यांनी ती घ्यावी की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवावे. प्रज्वलला मात्र वर्गात पुढे बसवावे, त्याला लांबचे नीट दिसत नाही.

कलम ५. बेबीताई, खामगाव. हिला आम्हा दोघींचा फोटो द्यावा. पदवीच्या वर्षी खामगावच्या एका स्टुडिओत काढलेला. ती माळ्यांच्या घरची. तिच्या घरून मेथी आणि वांगी यायची आणि ती आधी माझ्या ताटात वाढायची. पहिल्या दिवशी मी तिला माझी जात सांगितली. ती म्हणाली, "मी विचारली का?" फोटोत तिने डोळे मिटले आहेत. पन्नास वर्षे ती दुसरा काढू म्हणते आहे.

कलम ६. सुलतानपूरची शेती. संघर्ष आणि मयुरी यांची निम्मी निम्मी. बांधावरचे बाभळीचे झाड तोडू नये. आई दुपारची भाकर त्याच्या सावलीत सोडून खायची.

कलम ७. बाजूची खोली. या कलमात शुक्रवारी मी वेगळे लिहिले होते. ते पान फाडले. कारण शनिवारी मयुरीचा फोन आला.

"आत्या, त्याले काही ठेवू नको, तुही मर्जी. पन त्याचं दुकान रस्ता रुंद करन्यात गेलं, हे त्यानं तुले सांगतलं का?"

"कधी गेलं?"

"दिवाईच्या आधी. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निंघते आन् स्टँडपाशी मोबाइलचे कव्हर इकत पिशवी घेऊन बसते. तुले सांगू नको म्हने. आत्या व्याकरण शिकवन म्हने."

मी फोन ठेवला आणि संघर्षला बोलावले. तो आला तो पुन्हा खोली मोजायला आल्यासारखा अवघडून उभा राहिला.

"बाजूच्या खोलीले शटर बसव," मी म्हटले.

"तू झोपतं थ्या खोलीले?"

"हो. रस्त्यावरच आहे. गिऱ्हाइकाले दिसन."

"मंग तू कुठं झोपशीन?"

"वर्गात."

"लेकरं हसतीन आत्या."

"हसू दे. आधी हसले तर शिकतात तरी."

सबब बाजूची खोली मी संघर्षला देते. मालकी माझ्या मरणानंतर. ताबा आजपासून. त्याने माझ्या मरणाची वाट बघत स्टँडपाशी बसावे, हे मला मान्य नाही आणि पुढची खोलीही मी सोडणार नाही. दुकानात गाणी वाजवायची असतील तर वर्ग सुटल्यावर वाजवावीत.

कलम ८. बँकेतली शिल्लक. खडू, विजेचे बिल, आणि शब्दकोश नव्याने बांधून घेणे. बाकी उरेल ते मयुरीने ठरवावे. तिला हिशेब कळतो.

कलम ९. अंत्यविधी. त्रिशरण, पंचशील. भाषणे नकोत. कोणाला बोलल्याशिवाय राहवतच नसेल तर त्याने माझ्याविषयी एक वाक्य बोलावे आणि ते खरे असावे.

कलम १०. हे मृत्युपत्र अंमलात आणण्याचे काम माझा विद्यार्थी ॲड. प्रसेनजित हिवाळे याच्यावर सोपवते. शाळेत तो कामे उद्यावर टाकायचा. आता वकील झाला आहे, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम मयुरीचे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मोठ्याने वाचून दाखवला. रेणुकाला साक्षीदार व्हायचे होते. जिला मिळते तिने साक्ष देऊ नये, म्हणून तिला नाही म्हटले. ती रुसली आहे.

ठिकाण: मेहकर. दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार.

सही: जनका जानराव अवसरमोल

साक्षीदार १: अन्नपूर्णाबाई, शेजारीण, भाजीपाल्याची शेती. (यांनी सर्व ऐकून "बरोबर हाय" असे म्हटल्यावर सही केली.)

साक्षीदार २: ॲड. प्रसेनजित हिवाळे.

आज सुपूर्द केल्याची नोंद:

शब्दकोशाचे दोन्ही खंड रेणुकाकडे. तिने पहिला लगेच उघडला, म्हणजे रुसवा गेला असावा.

फोटो मयुरीकडे, बेबीताईसाठी. मी मरेपर्यंत थांबायची गरज नाही.

बाजूच्या खोलीची किल्ली संघर्षकडे. त्याने आधी ती परत केली, मग पुन्हा मागून घेतली. पोच म्हणून त्याची सही घेतली.

माझी खाट प्राची आणि इतर मुलांनी उचलून पुढच्या खोलीत आणली. दारातून निघेना म्हणून पाय काढावे लागले. ती खिडकीखाली लावली आहे. उशीवरून फळा पूर्ण दिसतो.